कंदीलराव यांचे नाव कमी करण्याबाबत

रविवार, १ जून

आज वाचक संघाची मासिक बैठक झाली. स्थळ नेहमीचे, सदाशिव पेठेत अनिरुद्ध गोखले यांचे घर. उपस्थिती अकरा. चहा एकदाच.

बातमी वाईट आहे. 'वज्रमंडळ' हे चित्रकथांचे मासिक एकेचाळीस वर्षे निघते आहे. जुलैपासून ते पुन्हा 'अंक पहिला' म्हणून निघणार. आधीचे चारशे शहाऐंशी अंक घडलेच नाहीत असे समजायचे. वज्रनाथ कुणाला ओळखत नाही, विद्युल्लतेला अजून वीज सापडलेली नाही, गरुडाक्षाला पंखच फुटलेले नाहीत. तरुण मंडळी याला रीबूट म्हणतात.

आमच्या कार्यालयात याला पुनर्लेखन म्हणतात. सातबाऱ्याची जुनी पाने जीर्ण झाली की नवीन वहीत उतरवायची. पण उतरवायची. जुनी वही फेकून कुणी मनाने नावे लिहीत नाही. मी हे बैठकीत सांगितले.

गोखले म्हणाले, "दशरथराव, तुमच्या तहसिलीत राक्षस येत नाहीत, म्हणून हे जमतं."

अमीनभाई बागवान हसले नाहीत. कॅम्पात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे आणि सगळे अंक त्यांनी बांधून ठेवले आहेत. ते म्हणाले, "घडलंच नाही म्हणे! मग मी चाळीस वर्षं काय वाचत होतो, रद्दी?"

संघाची नोंदवही माझ्याकडे असते. रकाने चार: अंक, मंडळातील सदस्य, झालेला बदल, शेरा. कोण कधी आले, कोण मेले, मेलेले कोणत्या अंकात परत आले, सगळे आहे. सव्वीस वर्षे लिहितो आहे. घरी येऊन वहीवरून हात फिरवला आणि मग बुद्धवंदना घेतली. क्रम चुकला. उद्या आधी वंदना.

बुधवार, २ जुलै

अमीनभाईंचा कार्यालयात फोन. "वाचलं का?" मी म्हटले, अंक अजून आला नाही. ते म्हणाले, "थट्टा करू नका, दशरथराव. आज मूड नाही." आणि ठेवून दिला.

अंक दर महिन्याला दीक्षा आणते. सदाशिव पेठेत तिचा कसलासा क्लास असतो. संध्याकाळी विचारले, तर म्हणाली, "स्टॉलवर आला नाहीये, पप्पा. लेट आहे." तिचा आवाज बसलेला होता. हडपसरच्या कंपनीत तिला लिहिण्याचे काम मिळून चार महिने झाले. बहुधा यंत्रे कशी वापरावीत याची माहितीपत्रके लिहीत असावी. काम जास्त दिसते.

चष्म्याची काडी परत निघाली. दोऱ्याने बांधली.

शनिवार, ५ जुलै

अंक मिळाला. दीक्षाने जेवणानंतर ताटाशेजारी ठेवला आणि लगेच आत गेली.

पाने उलटताना तांदळाचे दोन दाणे पडले. छापखान्यात आता कसली नवीन पद्धत निघाली आहे कळत नाही.

कंदीलराव नाहीत.

मी तीनदा पाहिले. मुखपृष्ठावर नाहीत, आत नाहीत, गर्दीच्या चित्रातही नाहीत. वज्रमंडळात एकच साधा माणूस होता, रेल्वे फाटकावरचा पहारेकरी. त्याला उडता येत नव्हते, मारामारी जमत नव्हती. त्याचा कंदील विझत नसे, एवढीच त्याची शक्ती. गावाकडे शाळेत चौथीला असताना गुरुजींनी त्यांच्या ट्रंकेतून मला पहिला अंक दिला होता, तो मी कंदिलाच्याच उजेडात वाचला. आमचा मात्र विझायचा.

त्यांच्या जागी आता ओटीपी नावाची मुलगी आहे. हिची शक्ती दहाच मिनिटे टिकते. नंतर पुन्हा नवीन घ्यावी लागते. अशा मुलीच्या भरवशावर जग सोडायचे!

खलनायकही नवीन आहे, नोंदाधीश. किडकिडीत, चष्म्याला दोरा, खिशात दोन पेने, खांद्याला पिशवी. जग बुडत असताना हा गृहस्थ वज्रनाथाकडे पोच मागतो. अर्जावर तारीख नाही म्हणून विद्युल्लतेला परत पाठवतो. मुळीच पटत नाही. असा माणूस असूच शकत नाही.

एक बारीक गोष्ट. मंडळाचे गुप्त ठिकाण विश्रांतवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर दाखवले आहे, आमच्यासारखेच. वज्रनाथाची बायको म्हणते, "अहो, आधी जेवून घ्या, मग जग वाचवा." कौशल्या अगदी असेच बोलते. सगळ्याच घरांत बोलत असाव्यात. लेखकाचे नाव नुसते डी. डी. एवढेच आहे. आपल्या भागातला कुणी असावा.

रविवार, ६ जुलै

बैठक. उपस्थिती तेवीस, हे कधी झाले नव्हते. गोखल्यांकडच्या खुर्च्या संपल्या, काही जण कॉटवर बसले.

मते अशी पडली. तरुणांना ओटीपी आवडली. अमीनभाईंना काहीच आवडले नाही. गोखल्यांना गरुडाक्षाचे पंख गेल्याचा आनंद झाला आहे, कारण ते पंख उडायला अपुरे आहेत हे त्यांचे म्हणणे २००९ पासूनचे आहे.

मी म्हटले, "हा डी. डी. कुणी देशपांडे असावा."

"देशपांडे असता तर ऱ्हस्व-दीर्घ तरी बरोबर असतं," गोखले म्हणाले.

मी मत मांडले ते असे. पुनर्लेखनात एखादे नाव नजरचुकीने गळते. त्याला लेखनप्रमाद म्हणतात. तो अर्ज देऊन दुरुस्त करता येतो. आणि नाव जाणूनबुजून कमी केले असेल, तर नोटीस काढायला हवी होती, हितसंबंधितांना पंधरा दिवस द्यायला हवे होते. कंदीलरावांना कुणी नोटीस दिली?

कॉटवरचा एक मुलगा म्हणाला, "काका, ते खरे नाहीयेत."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. हरकत अर्ज मी लिहावा असे ठरले. मागण्या दोन: कंदीलरावांचे नाव पूर्ववत करावे आणि लेखक बदलावा. मान्य न झाल्यास सही करणारे सगळे मासिक घेणे बंद करतील. संघाच्या नियमाप्रमाणे हरकतीला मुदत पंधरा दिवस. मला अंक पाच तारखेला मिळाला, म्हणजे वीस तारखेपर्यंत. भरपूर आहे.

गुरुवार, १० जुलै. आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. विहारात गेलो. भन्तेजींनी अनित्यतेवर सांगितले. जे जे जुळून आले ते ते सुटणार, बदलणार, त्याला घट्ट धरले की दुःख. किती सोपे करून सांगतात. डोळे मिटून ऐकले, मन शांत झाले.

येताना बसमध्ये हरकत अर्जाचा तिसरा मुद्दा सुचला. उतरेपर्यंत विसरू नये म्हणून तिकिटामागे लिहिला.

रविवार, १३ जुलै

सह्यांसाठी हडपसर. संघाच्या जुन्या यादीतले नऊ जण तिकडे राहतात. एका गृहस्थाने सही करून विचारले, "कंदीलराव अजून होते का?" त्यांनी १९९६ नंतर अंक घेतलेला नाही. तरी सही घेतली. भावना खरी होती.

घरी दीक्षाला अर्ज वाचून दाखवला. तिचे कान चांगले आहेत, चूक सापडते. "सदर लेखकास विषयाचे गांभीर्य नाही, त्यास घरातील वडीलधाऱ्यांचा धाक नसावा असे दिसते," हे वाक्य तिने पुन्हा वाचायला सांगितले. वाचले.

मग म्हणाली, "पप्पा, त्याला काढलं तर त्याचं काय होईल?"

"दुसरीकडे लिहील."

"पहिलंच काम असेल त्याचं. एकदा काढलेल्याला कोण घेतं परत?"

"मग त्याने कंदीलरावांचा विचार करायला हवा होता."

"पुढचा अंक तर वाचा आधी. गोष्ट संपली कुठे आहे?"

"नाव आज कमी झालं आहे, दीक्षा. हरकत आजच घ्यावी लागते."

ती उठून गेली. कौशल्याने भाकरी तव्यावर इतक्या जोरात टाकली की मी दचकलो. दोघींचे काही बिनसले असावे. मी मध्ये पडलो नाही.

शुक्रवार, १८ जुलै

अर्ज दिला. दोनशे चौदा सह्या. खरे तर चौदा तारखेलाच देता आला असता, पण नावे आडवीतिडवी होती. ती अनुक्रमे पुन्हा सुवाच्य उतरवली, त्यात चार दिवस गेले. प्रकाशनाच्या कार्यालयात नवीन मालकीणबाई राजनंदिनी भेटल्या. वयाने तिशीच्या, वागायला सभ्य.

त्यांनी सह्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, आमचे वाचकच नऊशे आहेत हो. एवढे गेले तर नवीन लेखकाला थांबवावंच लागेल. दुसरा अंक छापायला जायचा होता."

"त्यासाठीच अर्ज आहे," मी म्हटले.

"रविवारी, सत्तावीसला सगळ्यांना बोलावते. लेखकालाही. समोरासमोर ठरवू."

मी पोच मागितली. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हसू आवरत पोच दिली. का हसल्या, कळले नाही.

मंगळवार, २२ जुलै

दीक्षा जेवत नाही. तोंड आले आहे म्हणते.

शनिवार, २६ जुलै

आज जे झाले ते लिहायला हात धजत नाही, पण खोटे बोलणार नाही असे रोज सकाळी म्हणतो, तेव्हा वहीत तरी लपवू नये.

उद्याच्या बैठकीआधी दोनशे पंधरावी सही कौशल्याची घ्यावी असे मनात आले. तिने कंदीलराव वाचलेले नाहीत, पण एकूण सात महिला झाल्या होत्या, आठ बऱ्या दिसतात. ती धुणे वाळत घालत होती. मी पेन पुढे केले.

ती म्हणाली, "आईनं पोरीच्या पोटावर सही करायची का?"

मला समजले नाही.

"डी. डी. कोण, अहो? दीक्षा दशरथ. चार महिने कंपनीतून आल्यावर बसून लिहितेय. क्लास कसला डोंबलाचा, त्या प्रकाशनात जाते. तुम्ही नाव न बघता वाचावं म्हणून गप्प होती. दुसरा अंक निघाला की सांगणार होती. आता काय सांगते? तुम्ही सह्या गोळा करताय!"

मी खाली बसलो. ओली चादर डोक्यावर टपकत होती, तरी उठलो नाही.

ती लहान असताना मांडीवर बसून कंदीलराव ऐकायची. पान उलटण्याआधी विचारायची, "विझला?" मी म्हणायचो, "नाही." ज्या मुलीने हे शेकडो वेळा विचारले, तिनेच नाव कमी केले, याचा राग आधी आला. हे लिहायलाच हवे. मग वडीलधाऱ्यांच्या धाकाचे ते वाक्य आठवले. मी ते तिला दोनदा वाचून दाखवले होते.

अर्ज मागे घेतला तर? मुलगी म्हणून घेतला, असे होईल. कारण खोटे सांगितले, तर शील मोडते. आणि खरे सांगायचे तर ओटीपी मला अजूनही आवडत नाही.

दुपारभर नोंदवही चाळत बसलो. दुसरे काही सुचत नव्हते. त्यात ऑगस्ट २००९ सापडला. गरुडाक्षाच्या पंखांवर गोखल्यांची हरकत. प्रकाशनानंतर सोळाव्या दिवशी आलेली. त्यांचे म्हणणे, कावीळ झाली होती, अंक हाती उशिरा पडला. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे: "मुदत अंक प्रकाशित झाल्याच्या दिनांकापासून. अंक उशिरा मिळाला ही सबब ग्राह्य नाही. हरकत फेटाळली."

अमीनभाईंचा फोन दोन तारखेला आला होता. त्यांच्याकडे अंक होता. मी स्टॉलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "एक तारखेलाच आला की, काका."

एक अधिक पंधरा, सोळा. मी दिला अठराला.

रविवार, २७ जुलै

सकाळी वंदना नीट झाली. चौथ्या शीलावर, खोटे न बोलण्याच्या, थांबलो आणि पुन्हा म्हटले.

प्रकाशनाच्या कार्यालयात वीस-बावीस जण. दीक्षा कोपऱ्यात फाइल छातीशी धरून बसली होती. मला पाहून तिने मान खाली घातली. मी नमस्कार करून उभा राहिलो आणि म्हटले, "सुनावणीआधी एक जाहीर करायचं आहे. लेखिका माझी मुलगी आहे. मला काल कळलं."

अमीनभाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. ते दीक्षाला म्हणाले, "बेटा, तू? लहानपणी तुझ्या वाढदिवसाला कंदीलरावांचा अंक मीच दिला होता ना गं!"

"अजून आहे, चाचा," ती हळूच म्हणाली.

गोखले म्हणाले, "म्हणजे अर्ज मागे. वा. घरचं कार्य निघालं की."

"मागे घेत नाही," मी म्हटले. दीक्षाने डोळे मिटले. "ओटीपी मला पटत नाही. कंदीलरावांचं नाव गेलं, हेही पटत नाही. पण हा अर्ज ऐकताच येणार नाही. मुदत सोळा जुलैला संपली. मी दिला अठराला."

"तुम्हाला अंक पाचला मिळाला ना?" अमीनभाई म्हणाले.

"उशिरा मिळाला ही सबब ग्राह्य नाही. दोन हजार नऊचा निकाल आहे." मी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली.

गोखले उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कावीळ झाली होती हो मला! डोळे पिवळे, नखं पिवळी! डॉक्टरांचा दाखला जोडला होता!"

"जोडला होता. नोंद आहे."

"आणि आज तुम्हीच दोन दिवस उशिरा!"

"हो. म्हणून फेटाळतो."

"म्हणजे माझा तो निकाल चुकीचा होता?"

"बरोबर होता. आज तोच पुन्हा लागला."

गोखले खाली बसले. "सोळा वर्षांनी न्याय मिळाला," ते म्हणाले, "तोही माझ्याच विरोधात."

अमीनभाई म्हणाले, "नवा अर्ज करू मग. मी लिहितो."

"त्याचीही मुदत गेली, अमीनभाई."

अमीनभाईंनी थोडा वेळ छताकडे पाहिले. "मग पुढच्या अंकाचं बघू. हातात पडला की त्याच दिवशी लिहितो. घड्याळवाला आहे, उशीर करत नाही."

राजनंदिनीबाईंनी विचारले, "म्हणजे... अंक छापायचा?"

"हरकत प्राप्त नाही असं समजून पुढील कार्यवाही व्हावी," मी म्हटले. चष्म्याची काडी त्याच वेळी निखळली. दोरा बांधताना वर पाहिले, तर राजनंदिनीबाई एकदा माझ्याकडे, एकदा दीक्षाकडे पाहत होत्या आणि तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. त्यांना दमा असावा.

परतीच्या बसमध्ये दीक्षा खिडकीशी बसली. येरवडा आल्यावर म्हणाली, "पप्पा, मी अंक एक तारखेलाच आणला होता. धीर होईना द्यायला. तांदळाच्या डब्यात ठेवला."

दाण्यांचा उलगडा झाला.

"म्हणजे वेळेवर दिला असतास, तर हरकत मुदतीत आली असती," मी म्हटले.

"हो."

"टिकलीही असती. मुद्दे चांगले होते."

"हो, पप्पा."

"त्यातला वडीलधाऱ्यांचा मुद्दा चुकीचा होता. तो लिहायला नको होता."

ती खिडकीबाहेर बघत नाक पुसत राहिली. उतरताना तिने माझी पिशवी घेतली. वही जड आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

अंक चार दिवस उशिरा निघाला, या वेळी खरोखरच. दीक्षाने स्वतः हातात दिला आणि समोर बसून राहिली. कौशल्या म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या." तरी आधी वाचला.

सगळ्या वीरांच्या आठवणी गेल्या आहेत, कुणाला आपली शक्ती आठवत नाही, आणि शहर काळोखात आहे. तेव्हा नोंदाधीश पिशवीतून जुनी वही काढतो. तो खलनायक नाहीच. चारशे शहाऐंशी अंकांच्या नोंदी त्याच्याजवळ आहेत. तो एकेकाचे नाव वाचतो आणि ज्याचे नाव वाचले त्याला सगळे आठवते. वज्रनाथ विचारतो, "आमची नावं लिहून ठेवलीस, तुझं कुठे आहे?" तो म्हणतो, "आधी पोच द्या." वज्रनाथ सही करतो. मग तो पिशवीत पुन्हा हात घालतो आणि शेवटच्या पानभर कंदील. पेटलेला.

मी बराच वेळ ते पान उलटू शकलो नाही. उलटायला पुढे पानही नव्हते.

दीक्षाने विचारले, "विझला?"

"नाही," मी म्हटले.

नोंदवहीत लिहिले: अंक दुसरा. कंदीलराव यांचे नाव पूर्ववत. शेरा: प्रमाणित. चौदाव्या पानावर ओटीपीची शक्ती अकरा मिनिटे टिकली आहे. त्यावर हरकत वेगळी घ्यावी लागेल, मुदत वीस तारखेपर्यंत. उद्याच देतो.

एक राहिले. नोंदाधीश पहिल्या अंकात मला खोटा वाटला होता. आता वाटत नाही. चष्म्याचा दोरा, दोन पेने, ती पिशवी, इतके बारीक काही नुसत्या कल्पनेने सुचत नाही. मी दीक्षाला विचारले, "हा कुणावरून घेतलास? खरा माणूस आहे का?"

तिने कौशल्याकडे पाहिले. कौशल्या पदर तोंडाला लावून आत गेली.

"आहेत एक, पप्पा," दीक्षा म्हणाली. "माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत."

नाव सांगितले नाही. भला माणूस दिसतो. एकदा भेटायला हवे.